सिनेमा स्वस्त होत गेला, गेम महागच राहिला

१९८२ साली अमेरिकेत गाजलेल्या सिनेमाची व्हीएचएस कॅसेट विकत घ्यायला गेलं तर ८० डॉलरच्या घरात पैसे पडत. त्याच गावातल्या खेळण्यांच्या दुकानात अटारी कंपनीचा नवा व्हिडिओ गेम ३०-४० डॉलरला मिळे. आज प्लेस्टेशन ५ च्या ४,९९९ रुपयांच्या डिस्ककडे बघून ‘एवढ्यात मल्टिप्लेक्सची वीस तिकिटं आली असती’ असं आपण म्हणतो, तो हिशेब चाळीस वर्षांपूर्वी पार उलटा होता. ‘गेम बनवायला खर्च फार, म्हणून तो महाग’ हे नेहमीचं उत्तर इथेच अडखळतं. अटारीचा गेम त्या काळी बहुधा एकटा प्रोग्रामर काही महिन्यांत लिहून मोकळा व्हायचा. सिनेमाला तेव्हाही शेकडो माणसं लागत होती. मग कॅसेट स्वस्त का झाली आणि गेम का झाला नाही?

सुरुवातीला दोन्ही धंदे सुट्ट्या पैशांवरच चालले. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं दाखवली गेली तेव्हा तिकीट एक रुपया होतं. त्या काळात ही चैनच. पण लवकरच नॉव्हेल्टी थिएटरात चार आण्यांपासून जागा मिळू लागल्या. अमेरिकेत १९०५ साली पिट्सबर्गला पाच सेंटांत सिनेमा दाखवणारी निकेलोडियन सुरू झाली. गेमचंही तसंच. १९७२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलच्या एका बारमध्ये ‘पाँग’चं यंत्र ठेवलं गेलं, त्यात २५ सेंटचं नाणं टाकायचं. १९७८ मध्ये जपानात ‘स्पेस इन्व्हेडर्स’ १०० येनच्या नाण्यावर चालायचा. यंत्र एक, खेळणारे हजार. त्यामुळे एकेकाकडून थोडेच घेतले तरी भागत असे.

वाटा फुटल्या त्या दोन्ही वस्तू घरात आल्यावर.

सिनेमाची गोष्ट आधी, कारण ती जास्त गमतीची आहे. १९७७ मध्ये मिशिगनमधल्या आंद्रे ब्ले या गृहस्थाने ट्वेन्टिएथ सेंच्युरी फॉक्सकडून पन्नास सिनेमांचे हक्क घेतले आणि त्यांच्या कॅसेट ४९.९५ डॉलरला विकायला काढल्या. त्याच वर्षी लॉस एंजेलिसमध्ये जॉर्ज अ‍ॅटकिन्सन याने त्या पन्नासही कॅसेट विकत घेतल्या आणि वर्षाला ५० डॉलर वर्गणी आणि दिवसाला १० डॉलर भाडं असा धंदा मांडला. फॉक्सला हे अर्थातच आवडलं नाही. पण अमेरिकन कायद्यानुसार एकदा प्रत विकली की तिच्यावरचा निर्मात्याचा ताबा संपतो; घेणाऱ्याने ती कपाटात ठेवावी की भाड्याने द्यावी, हा त्याचा प्रश्न. भाड्यात वाटा मिळणार नाही म्हटल्यावर स्टुडिओंनी मूळ विक्रीचीच किंमत चढवली. ती ८० डॉलरची कॅसेट प्रेक्षकासाठी नव्हतीच. ती लायब्ररीवाल्यासाठी होती, त्याच्याकडून पुढची शंभर भाडी आगाऊ वसूल करण्यासाठी.

आपल्याकडेही ऐंशीच्या दशकात कॅसेट विकत कोण घेत होतं? चाळीत वर्गणी काढून रात्रभरासाठी व्हीसीआर आणायचा, सोबत व्हिडिओ लायब्ररीतून तीन सिनेमे, आणि पहाटेपर्यंत सगळे संपवायचे.

मग पॅरामाउंट स्टुडिओला एक शंका आली. किंमत पाडली तर लोक कॅसेट घरी ठेवायला घेतील का? १९८२ च्या अखेरीस त्यांनी ‘स्टार ट्रेक’चा दुसरा भाग ३९.९५ डॉलरला आणला आणि तो भरपूर खपला. १९८७ मध्ये ‘टॉप गन’ २६.९५ डॉलरवर आला. कॅसेटच्या सुरुवातीला डाएट पेप्सीची जाहिरात जोडलेली, म्हणजे काही भार शीतपेयवाल्याने उचललेला. १९९७ मध्ये अमेरिकेत डीव्हीडी आली ती थेट प्रेक्षकालाच विकायची या हिशेबाने. भारतात तर २००७ मध्ये मोझर बेअर कंपनीने व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला काढली. पायरसीवाल्याच्या भावात अस्सल माल!

हे परवडतं कसं? सिनेमा घरी पोचेपर्यंत त्याचे पैसे बऱ्याचदा आधीच कोणी ना कोणी दिलेले असतात. थिएटरचं तिकीट, परदेशातलं प्रदर्शन, टीव्हीचे हक्क, आता ओटीटी, आणि आपल्याकडे गाण्यांचे हक्क वेगळे. डीव्हीडीचे ३४ रुपये ही त्यावरची वरकमाई. शिवाय सिनेमा म्हातारा झाला तरी कमावतो. १९७५ चा सिनेमा आजच्या टीव्हीवर लागतो, त्यासाठी तेव्हाचा प्रोजेक्टर शोधावा लागत नाही.

गेमला यातलं काही मिळालं नाही. नाण्यावर चालणाऱ्या यंत्रांचा धंदा आणि घरच्या कन्सोलचा, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायच्या यंत्राचा, धंदा हळूहळू वेगळे पडले. बहुतेक गेम थेट घरासाठीच बनू लागले आणि दुकानातली विक्री हीच कमाईची एकमेव खिडकी उरली. वर म्हातारपणाची सोयही नाही. कन्सोल बंद पडला की त्यावरचा गेमही जातो. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशनने २०२३ मध्ये मोजदाद केली, तेव्हा २०१० पूर्वीच्या ८७ टक्के गेम बाजारात रीतसर विकतच मिळत नव्हते.

पण खिडकी एकच असली तरी तिथला भाव इतका ताठ राहिला, याला दुसरं कारण आहे. त्यासाठी निन्टेन्डो या जपानी कंपनीकडे बघावं लागतं.

१९७७ चा अटारी व्हीसीएस हा कन्सोल म्हणजे मोकळं रान होतं. कोणीही कार्ट्रिज, म्हणजे यंत्रात खोचायची गेमची डबी, बनवून विकावं. १९७९ मध्ये अटारीतून फुटलेल्या प्रोग्रामरांनी अ‍ॅक्टिव्हिजन काढली आणि मग बघता बघता बाजारात भारंभार माल आला. १९८३ मध्ये तो फुगा फुटला. तीस-चाळीस डॉलरचे गेम टोपलीत घालून चार-पाच डॉलरला काढले जाऊ लागले, आणि न खपलेली कार्ट्रिजं अटारीने न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डोच्या कचरा डेपोत पुरली. बरीच वर्षं ती दंतकथाच वाटे. २०१४ मध्ये उकरून काढल्यावर खरी निघाली. तात्पर्य काय, तर गेम स्वस्त होऊ शकत होते आणि एकदा झालेही होते. दुकानदारांना त्याची अशी धास्ती बसली की व्हिडिओ गेमचं नाव काढलं तरी ते नको म्हणत.

निन्टेन्डोने १९८५ मध्ये अमेरिकेत पाऊल ठेवलं ते याच अनुभवावरून शहाणं होऊन. यंत्रात एक कुलूप-चिप होती; निन्टेन्डोची जोडीदार चिप नसलेलं कार्ट्रिज त्यात चालायचंच नाही. बाहेरच्या कंपनीला वर्षाला पाचच गेम काढायची मुभा. कोनामीने त्यासाठी अल्ट्रा नावाची दुसरी कंपनी उभी केली, म्हणजे कोटा दुप्पट! कार्ट्रिज बनवणार निन्टेन्डोच, आणि त्याचे पैसे प्रकाशकाने आगाऊ मोजायचे. गेम खपला नाही तर बुडणार प्रकाशक, निन्टेन्डो नाही. अशा अवस्थेत कोणता प्रकाशक किंमत कमी ठेवेल? त्यातच १९८८ मध्ये मेमरी चिपांचा तुटवडा झाला आणि मागणी असूनही माल मिळेना. पन्नास डॉलरचा भाव या सगळ्यातून पक्का झाला.

कन्सोलची किंमत ९९.९९ डॉलरखाली येऊ नये म्हणून दुकानदारांवर दबाव आणल्याचं प्रकरण १९९१ मध्ये अमेरिकी सरकारने मिटवलं, तेव्हा ग्राहकांना भरपाई म्हणून पाच डॉलरची कुपनं मिळाली. ती वापरायची कुठे? निन्टेन्डोचेच गेम घेताना. अशी शिक्षा कोणाला नको असेल!

कार्ट्रिजमध्ये खरा खर्च होता, हेही मान्य करायला हवं. आत सिलिकॉनची चिप असते आणि गेम मोठा तशी चिप मोठी. सेगा कंपनीच्या ‘व्हर्च्युआ रेसिंग’ या गेममध्ये त्रिमितीय चित्रांसाठी जास्तीचा प्रोसेसरच बसवलेला होता, तो अमेरिकेत शंभर डॉलरच्या आसपास विकला गेला. १९९० चे पन्नास डॉलर आजच्या हिशेबाने १२० च्या घरात जातात. ‘पूर्वी गेम स्वस्त होते’ अशी हळहळ करणाऱ्यांनी हा आकडा एकदा बघावाच.

मग सोनी आली. प्लेस्टेशनचा गेम सीडीवर, आणि सीडी छापायला चिपेच्या तुलनेत किरकोळ खर्च. स्क्वेअर कंपनीने ‘फायनल फँटसी’चा सातवा भाग निन्टेन्डोला सोडून १९९७ मध्ये प्लेस्टेशनवर तीन सीडींत आणला, तो यामुळेच. किमती उतरल्या, पण चाळीस-पन्नास डॉलरपर्यंतच. चिपेवर वाचलेले सगळे पैसे गिऱ्हाइकाच्या खिशात गेले नाहीत. पुढे डिस्कही गेली, डाउनलोड आलं. पेटी नाही, ट्रक नाही, दुकानाचं भाडं नाही. भाव तसाच. उलट २००५ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स ३६० या कन्सोलसोबत साठ डॉलर झाला आणि २०२० मध्ये सत्तर.

कारण गेमच्या किमतीत कन्सोलही दडलेला असतो. सोनीचा प्लेस्टेशन ३ हा २००६ मध्ये ४९९ आणि ५९९ डॉलरला येऊनही बनवण्याच्या खर्चापेक्षा कमी भावात विकला जात होता. तो तोटा भरून निघतो प्रत्येक गेममागे घेतलेल्या वाट्यातून. डिजिटल दुकानांत हा वाटा साधारण तीस टक्के. टीव्ही बनवणारी कंपनी तुम्ही बघितलेल्या प्रत्येक सिनेमामागे पैसे मागत नाही. कन्सोलवाली मागते, आणि तिच्या यंत्रावर विकायला दुसरं दुकानही नसतं.

निर्मितीचा खर्च या सगळ्यानंतर आला, हे लक्षात घ्यायला हवं. २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टविरुद्धच्या खटल्यात सोनीची कागदपत्रं न्यायालयात आली. आकडे काळ्या मार्करने झाकले होते, पण स्कॅनमध्ये ते आरामात वाचता येत होते. ‘द लास्ट ऑफ अस पार्ट २’ला २२ कोटी डॉलर, ‘होरायझन फॉरबिडन वेस्ट’ला २१.२ कोटी. हे हॉलिवूडच्या बड्या सिनेमांचे आकडे आहेत. म्हणजे खर्चात दोघं आता बरोबरीला आले, पण गेमची किंमत त्याआधीच तीस वर्षं सिनेमाच्या वर होती. ‘दोन तासांचा सिनेमा, साठ तासांचा गेम’ हा युक्तिवादही मला नंतर शोधलेला वाटतो. तासांवर भाव लागला असता तर पाच तासांचा गेम कोणी सत्तर डॉलरला विकला नसता.

गेमनेही स्वतःपुरत्या खिडक्या तयार केल्याच, फक्त त्या काळाच्या आहेत. पहिल्या दिवशी पूर्ण भाव, वर्षभराने निम्मा, पीसीवरचे गेम विकणाऱ्या स्टीम या ऑनलाइन दुकानाच्या सेलमध्ये पाव. सिंगल स्क्रीनच्या जमान्यात पहिल्या शोचं तिकीट ब्लॅकमध्ये घेणारा आणि तिसऱ्या आठवड्यात सावकाश जाणारा यांच्यात जो फरक होता, तोच इथे आहे. फक्त ब्लॅकवाला आता कंपनी स्वतः आहे.

भारतात हा इतिहास आपण जवळजवळ वगळूनच पुढे आलो. पन्नास डॉलरचं कार्ट्रिज मराठी मध्यमवर्गीय घरात कधी आलंच नाही. आले ते नकली कन्सोल आणि ‘९९९९ इन १’ लिहिलेली पिवळी कार्ट्रिजं, ज्यांत खरे गेम मोजकेच, बाकी तेच फिरून फिरून. मग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या कॉपी केलेल्या सीडी. स्टीमवर रुपयांत भाव दिसू लागले ते २०१५ च्या नोव्हेंबरमध्ये. २०१८ मध्ये पब्जी मोबाइल आला तो फुकटच. पैसे फक्त कपड्यांचे आणि बंदुकीच्या रंगांचे. इतकी वर्षं फुकट किंवा जवळपास फुकट खेळलेल्यांना ४,९९९ हा आकडा अंगावर येतो, यात नवल नाही.

२०२५ मध्ये पुढची पायरी चढायचा प्रयत्न झाला. निन्टेन्डोने ‘मारिओ कार्ट वर्ल्ड’ ८० डॉलरला काढला. मायक्रोसॉफ्टनेही ‘द आउटर वर्ल्ड्स २’साठी ८० जाहीर केले, पण ओरड झाली आणि जुलैमध्ये भाव ७० वर आणावा लागला. तो गेम प्लेस्टेशनवर होता, पीसीवर होता, वर मायक्रोसॉफ्टच्या गेम पास या वर्गणी योजनेतही होता. गिऱ्हाइकाला बाजूने जायला जागा होती. मारिओ कार्ट दुसरीकडे मिळतच नाही. नुसता स्विच २ कन्सोल ४५० डॉलरला आणि गेमसकट ५००, अशी मांडणी निन्टेन्डोने केली होती. त्यामुळे पेटीसोबत घेणाऱ्याला तोच गेम पन्नासात पडला, आणि ८० चा आकडा दुकानाच्या फळीवर तसाच राहिला.