दुहेरी इकत

ताणा (उभे) आणि बाणा (आडवे) असे दोन्ही धागे विणण्याआधीच नक्षीबरहुकूम रंगवून तयार केलेले कापड आणि ते विणण्याची पद्धत. ‘इकत’ हा शब्द ‘बांधणे’ या अर्थाच्या मलय धातूवरून आला आहे. धाग्यांच्या लडीचा जो भाग रंगापासून राखायचा तो सुताने करकचून बांधतात, लड रंगात बुडवतात, गाठी सोडतात आणि पुढच्या रंगासाठी पुन्हा बांधायला बसतात. बांधणीत विणलेल्या कापडाला गाठी मारतात; इथे कापड अजून जन्मालाच आलेले नसते.

एकेरी इकत, म्हणजे फक्त ताणा किंवा फक्त बाणा रंगवलेले कापड, जगात पुष्कळ ठिकाणी होते. दुहेरी इकताची परंपरा मात्र प्रामुख्याने भारत, इंडोनेशिया आणि जपान येथे टिकून आहे. कारण हिशेबात आहे. ताण्यातला लाल ठिपका बाण्यातल्या लाल ठिपक्यावरच पडावा लागतो. तो पांढऱ्यावर पडला की लालाचा फिकट गुलाबी होतो आणि फुलाची पाकळी विस्कटते. म्हणून या कलेतली खरी प्रतिभा मागाआधी, गाठी बांधतानाच पणाला लागते.

गुजरातमधील पाटणचा रेशमी पटोळा हे तिचे सर्वांत देखणे रूप. साळवी घराण्यांनी तो जपला. राजा कुमारपालाने बाराव्या शतकात सातशे विणकर कुटुंबे जालन्याहून पाटणला नेली, अशी परंपरागत कथा आहे. पटोळ्याचा माग एका बाजूला कललेला असतो आणि त्यावर दोघे मिळून काम करतात. काही इंच वीण झाली की हात थांबतात, ताण सैल करतात आणि सरकलेला एकेक धागा सुईने हलकेच ओढून जागेवर आणतात. एका साडीला कित्येक महिने लागतात. नारीकुंजर, पानभात, रतनचोक या तिच्या प्रसिद्ध नक्ष्या दोन्ही बाजूंनी सारख्याच दिसतात. ‘पडी पटोळे भात, फाटे पण फीटे नहीं’ अशी गुजराती म्हण आहे: पटोळ्यावर पडलेली नक्षी फाटेल, पण विटणार नाही. तेलंगणातील पुट्टपाका येथे विणले जाणारे तेलिया रुमालही याच जातीचे.

व्यापाऱ्यांनी पटोळे आग्नेय आशियात नेले. तिथे त्यांना राजवस्त्राचा आणि धर्मविधींतील वस्त्राचा मान मिळाला, आणि स्थानिक विणकरांनी त्यांच्या नक्ष्या उचलल्या. बालीतील तेंगानान गावचे ‘गेरिंगसिंग’ हे सुती दुहेरी इकत आहे. नावाचा अर्थ ‘आजार नाही’ असा सांगतात आणि ते नेसणाऱ्याचे रक्षण करते अशी श्रद्धा आहे. कमरेला बांधायच्या मागावर ताणा सलग फिरवलेला असतो, त्यामुळे उतरलेले कापड वर्तुळाकार असते. पवित्र विधींसाठीची वस्त्रे न कापता तशीच ठेवतात. लाल रंग आल (बारतोंडी) वर्गातील झाडाच्या मुळांच्या सालीतून काढतात.

जपानमध्ये इकताला ‘कासुरी’ म्हणतात. यातील ओशिमा त्सुमुगी हे रेशमी कापड एका अर्थी दोनदा विणले जाते. रेशमाचे धागे हाताने न बांधता, आधी खास मागावर सुती धाग्यांत घट्ट विणून त्यांची चटई करतात. सुताखाली दबलेल्या जागी रंग पोचत नाही. रंगवण्यासाठी ती झाडाच्या काढ्यात आणि अमामी बेटावरच्या लोहयुक्त चिखलात आलटून पालटून अनेकदा बुडवतात. टॅनिन आणि लोह यांच्या संयोगाने दाट काळा रंग चढतो. मग सूत उसवून काढतात, आणि मोकळे झालेले रेशीम दुसऱ्यांदा मागावर चढते.