पार्श्वभूमी : घरगुती घातक कचरा आणि चौथा डबा

फुटलेली ट्यूबलाइट, मुदत संपलेल्या गोळ्या, रंगाचा सुकलेला डबा, इन्सुलिनची सुई. कायद्याच्या लेखी ही मंडळी बराच काळ बिननावाची होती. भोपाळनंतर १९८९मध्ये आलेल्या घातक कचऱ्याच्या नियमांचा सगळा रोख कारखान्यांवर. २०००च्या नागरी घनकचरा नियमांनी व्याख्येतून वगळला तोही ‘औद्योगिक’ घातक कचराच. त्या एका विशेषणामुळे घरातला पारा आणि झुरळांचे औषध मुकाट्याने नेहमीच्या कचऱ्यात जमा झाले.

‘घरगुती घातक कचरा’ हे नाव मिळाले ८ एप्रिल २०१६च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत. सीएफएल, थर्मामीटर, सेल, सुया, कीटकनाशकांचे कॅन असे सगळे त्यात आले. (सीएफएल पंधरवडाभर आधीच ई-कचऱ्याच्या यादीतही जाऊन बसला होता. एक दिवा, दोन मालक.)

खरा घोळ झाला पॅड आणि डायपरचा. त्यांना ‘सॅनिटरी कचरा’ म्हणून वेगळे नाव दिले, डबा मात्र दिला नाही. गुंडाळून सुक्यात टाका, म्हणाले. म्हणजे जखमेवरची गॉज घातक, आणि पॅड सुका! सुका कचरा हाताने निवडला जातो. वर्तमानपत्राच्या पुडीत काय आहे, हे उघडल्याशिवाय कळत नाही, आणि उघडणारी बहुतेक वेळा बाईच. पुण्याच्या कचरावेचक महिलांनी २०१३मध्येच वापरलेल्या पॅडची पोती उत्पादकांना परत पाठवून हेच सांगितले होते. आत पॅड आहे हे कळावे म्हणून पुडीवर लाल ठिपका काढायची युक्तीही शहरांतल्या कचऱ्याच्या चळवळींतूनच रुजली. नियमाने उत्पादकांना पाकिटासोबत पिशवी द्यायला सांगितले खरे, पण डबा सुक्याचाच राहिला. हा निर्णय निवडणीच्या टेबलाशी उभे राहून घेतलेला वाटत नाही.

घातक कचऱ्यासाठी दर २० चौरस किलोमीटरला एक संकलन केंद्र हवे, असेही २०१६चे नियम सांगत होते. २०१७मध्ये ११ गावे आल्यावर पुणे सुमारे ३३१ चौरस किलोमीटरचे झाले. म्हणजे १७ केंद्रे. आपले कुठले, हे शेजाऱ्याला विचारून पाहावे.

१ एप्रिल २०२६पासूनच्या नव्या नियमांत ओला, सुका, सॅनिटरी आणि ‘विशेष काळजीचा’ असे चार भाग आहेत. पॅड अखेर सुक्यातून बाहेर आला. ‘घातक’ हा शब्द मात्र मवाळ झाला, आणि ट्यूबलाइट अजून घंटागाडीच्या कडेला बांधलेल्या पोत्यातच जाते.