रुंद आवाजाच्या एसएसबीसाठी अमेरिकेत कोणता हॅम परवाना लागतो?

अमेरिकेत नव्याने हॅम रेडिओकडे, म्हणजे हौशी रेडिओ संवादाकडे, वळलेली आपली मंडळी विचारतात, ‘एक्स्टेंडेड एसएसबीची (सिंगल साइडबँड या रेडिओवर आवाज पाठवायच्या पद्धतीच्या रुंद प्रकाराची) परवानगी वेगळी काढायची का?’ नाही. एफसीसीकडे, म्हणजे अमेरिकेच्या दळणवळण आयोगाकडे, तसा अर्जच नाही. नेहमीचाच परवाना चालतो, पण त्याची श्रेणी कोणती, इथे गाडी अडते. श्रेणी तीन: टेक्निशियन, त्यावर जनरल आणि सगळ्यात वर एक्स्ट्रा.

साध्या एसएसबीत आवाज साधारण ३०० ते २७०० हर्ट्झमध्ये कोंबलेला असतो. तेवढ्यात ‘साल’ की ‘शाल’ हे संदर्भावरूनच ओळखायचं. रुंद एसएसबीवाले खाली शंभरपर्यंत आणि वर चार हजारांच्या पुढे जातात. खर्जही येतो आणि स-शही सुटे ऐकू येतात. २० मीटर या बँडवर (रेडिओलहरींच्या पट्ट्यावर) ही मंडळी १४.१७८ मेगाहर्ट्झच्या आसपास जमत आली आहेत. जनरल श्रेणीला त्या बँडवर बोलायची मुभा १४.२२५ पासून वर. म्हणजे तिथे बोलायचं तर एक्स्ट्राच काढा. टेक्निशियनला तर एचएफवर (३ ते ३० मेगाहर्ट्झमध्ये) आवाजासाठी फक्त २८.३ ते २८.५ मेगाहर्ट्झ मिळतं.

वयाची अट नाही, नागरिकत्वाचीही नाही. विद्यार्थी असा नाहीतर एच-वन-बीवर, परीक्षा देता येते. परदेशी सरकारच्या प्रतिनिधींना तेवढी मनाई आहे. अमेरिकेतला टपालाचा पत्ता मात्र हवा.

आधी एफसीसीच्या ‘कोअर्स’ प्रणालीत नाव नोंदवून एफआरएन हा नोंदणी क्रमांक घ्या. तो फुकट मिळतो, आणि परीक्षेच्या टेबलावर सोशल सिक्युरिटी क्रमांक द्यावा लागत नाही. मग जवळची परीक्षा शोधा. ती स्वयंसेवक परीक्षक घेतात, ऑनलाइनही होते. सोबत फोटो असलेलं ओळखपत्र, एफआरएन, चालू ईमेल आणि परीक्षा शुल्क. बरेच गट १५ डॉलर घेतात, काही काहीच घेत नाहीत. कॅल्क्युलेटर नेलात तर त्याची मेमरी पुसून दाखवावी लागते. आधीचा परवाना असेल तर त्याची प्रत विसरू नका.

टेक्निशियन आणि जनरलला प्रत्येकी ३५ प्रश्न, त्यात २६ बरोबर हवेत. एक्स्ट्राला ५० पैकी ३७. पायऱ्या क्रमानेच चढायच्या, पण एकाच बैठकीत तिन्ही देता येतात. प्रश्नसंच उत्तरांसकट जाहीर असतो. मोर्सची परीक्षा २००७ पासून नाही.

पहिल्यांदा पास झालात की एफसीसीची ईमेल येते: १० दिवसांत ३५ डॉलर भरा. ती स्पॅममध्ये जाऊन बसते आणि मुदत टळली की अर्ज रद्द, तेव्हा रोज बघा. पैसे भरल्यावर एफसीसीच्या नोंदीत कॉलसाइन (रेडिओवरची तुमची ओळख) दिसलं की बोलायला मोकळे, कागदाची वाट बघू नका. परवाना १० वर्षांचा. पुढच्या श्रेणीला एफसीसीचं शुल्क नाही; परीक्षेचं प्रमाणपत्र हातात पडताच कॉलसाइनपुढे ‘स्ट्रोक एई’ लावून एक्स्ट्राची मुभा वापरता येते.

आता रुंदी. एसएसबीच्या आवाजाला आकड्यात बांधा, अशी मागणी एफसीसीने २००४ मध्ये फेटाळली. तरी नियम ९७.३०७ प्रमाणे गरजेपेक्षा जास्त जागा व्यापायची नाही, आणि ‘गरज’ किती यावर हॅम लोक अजून भांडतात. माझं म्हणाल तर बँड गजबजलेला असताना २.८ किलोहर्ट्झवर या. ६० मीटरवर तर तेवढीच मर्यादा नियमात लिहिलेली आहे.

बँडच्या टोकाला सांभाळा. चार किलोहर्ट्झ रुंद अप्पर साइडबँड (डायलच्या आकड्यापासून वर पसरणारा आवाज) लावून डायल १४.३४८ वर ठेवलीत तर आवाजाचा वरचा भाग १४.३५० ओलांडून हॅम बँडच्या बाहेर जातो. १४.३४५ च्या वर जाऊच नका.