व्हर्टिकल फार्ममध्ये ज्वारी का पिकवत नाहीत?

मागच्या वर्षी बाल्कनीत पीव्हीसी पाईपला भोकं पाडून बिनमातीचा पालक लावला होता, पंधरा दिवस मस्त चाललं, मग एका दुपारी लाईट गेली, मोटर बंद, संध्याकाळी येऊन बघतो तर सगळा पालक मान टाकून पडलेला. कुंडीत असता तर काही झालं नसतं, माती पाणी धरून ठेवते, पण पाईपात मुळांखालून पाण्याचा नुसता पातळ थर वाहत असतो आणि तो थांबला की संपलं.

व्हर्टिकल फार्म म्हणजे हाच प्रकार पण मजल्यावर मजले चढवून, बंद गोडाऊनमध्ये, सूर्य बाहेर आणि आत एलईडी. 1999 मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात डिक्सन डेस्पोमिअर नावाच्या प्राध्यापकांनी विद्यार्थ्यांबरोबर डोकं लावता लावता ही कल्पना पुढे आणली. तेव्हा ती कागदावरच राहिली कारण जुने सोडियमचे दिवे इतके तापायचे की पाल्याजवळ नेले तर पाला करपायचा, मग मजले कसे रचणार? एलईडी मात्र पानापासून वीतभर अंतरावर टांगता येतो. पानांना जास्त चालतो तो लाल आणि निळा प्रकाश, म्हणून बऱ्याच फोटोंत तो लग्नाच्या हॉलसारखा जांभळा उजेड दिसतो. निळ्या एलईडीसाठी 2014 चं फिजिक्सचं नोबेल मिळालं, ते मिळालं त्यातून बनलेल्या घरातल्या पांढऱ्या बल्बमुळे, पण फायदा लेट्यूसवाल्यांचाही (लेट्यूस म्हणजे सॅलडचा पाला) झाला.

पाण्याचा फायदा मात्र खरा आहे. झाड जे पाणी पितं त्यातलं बहुतेक पानांतून वाफ होऊन उडून जातं, शेतात ते गेलं ते गेलं, बंद खोलीत तीच वाफ एसीच्या पाईपवर जमते आणि परत टाकीत येते, त्यामुळे शेताच्या मानाने 90 टक्के किंवा त्याहून जास्त पाणी वाचतं. दुबईत 2022 साली बुस्तानिका नावाचं असं प्रचंड फार्म सुरू झालं, वर्षाला 10 लाख किलो पालेभाजी, एमिरेट्सच्या विमानात जेवणात तीच वाढतात. वाळवंटात पाणी वाचणं म्हणजे पैसाच वाचला.

आता विजेचं गणित. वाळलेल्या एक किलो पाल्यात साधारण 5 युनिट ऊर्जा बंद असते, म्हणजे जाळला तर निघेल तेवढी. झाड चांगल्या परिस्थितीतही मिळालेल्या प्रकाशाच्या 100 पैकी 5 भाग साठवेल असं धरा, म्हणजे 100 युनिट प्रकाश लागला, आणि एलईडी विजेतली जेमतेम निम्मी प्रकाशात बदलतो, म्हणजे 200 युनिट वीज. एक किलो सुक्या मालाला 200 युनिट! ज्वारी घेतली तर त्यातला निम्मा किंवा जास्त कडबाच, म्हणून एक किलो दाण्याला 400 युनिट. युनिटला 8 रुपये धरा, ज्वारी पडली 3200 रुपये किलो, आणि एसी, मोटर, माणसं अजून धरलीच नाहीत. आकडे ढोबळ आहेत, अर्धे केले तरी भाकरी परवडत नाही.

मग लेट्यूस कसं परवडतं? कारण लेट्यूसमध्ये 95 टक्के पाणी असतं. एक किलोत सुका माल फक्त 50 ग्रॅम, म्हणजे दिव्यांची वीज 10 युनिट. खरं सांगायचं तर तुम्ही पाणीच विकत घेताय, छान कुरकुरीत पाणी :) म्हणून जगभर ही फार्म लेट्यूस, तुळशीचे इटालियन भाऊबंद (बेसिल) आणि मायक्रोग्रीन, म्हणजे कोवळी असतानाच कापलेली रोपं, यातच अडकलीत, धान्याकडे कोणी जात नाही. 2020 मध्ये शास्त्रज्ञांनी गव्हाचा हिशोब मांडला होता, एक हेक्टर जागेवर दहा मजले केले तर वर्षाला 700 टन गहू निघेल आणि अजून सुधारणा केल्या तर 1940 टन, जगाची सरासरी हेक्टरी 3.2 टन असताना. वाचायला भारी वाटतं, पण पैशात बसणार नाही हे त्यांनीच लिहिलंय.

अमेरिकेत ते दिसलंही. एरोफार्म्स या व्हर्टिकल फार्मच्या कंपनीने 2023 मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला, बोवरी 2024 मध्ये बंद पडली, 2025 मध्ये प्लेंटीनेही अर्ज केला. बाहेर सूर्य फुकट असताना आत बिल भरून तोच उजेड पाडायचा असेल तर विकायचा माल तसा पाहिजे. सिंगापूरच्या स्काय ग्रीन्सने म्हणून वेगळा रस्ता धरला, 9 मीटर उंच मनोऱ्यावर वाफे हळूहळू फिरत राहतात, प्रत्येकाला खऱ्या उन्हाची पाळी मिळते.

आपल्याकडे पुण्यात कंटेनरमध्ये केशर पिकवल्याच्या बातम्या आल्या होत्या, लोकांना ती जादू वाटली, पण त्यात डोकं आहे. केशराचा कंद फुलतो तो स्वतःच्या आत साठवलेल्या अन्नावर, ट्रेमध्ये नुसता ठेवला आणि थंडावा दिला तरी फुलं येतात, माती नको आणि उजेडही फार नको. एक ग्रॅम केशराला साधारण 150 फुलं लागतात आणि भाव किलोला लाखांत. फुलं काढल्यावर मात्र कंदाला पानं येतात, पुढच्या वर्षीचे कंद त्या पानांनीच भरायचे असतात, आणि तेव्हा दिव्यांचं बिल चालू होतं, म्हणून बरेच जण त्या वेळी कंद गुपचूप मातीत, उन्हात नेऊन लावतात.