लाकडी दर्शनी पटले (इमारतींचे नूतनीकरण)

जुन्या इमारतीच्या बाह्य भिंतीवर बसवण्यासाठी कारखान्यात तयार केलेली, उष्णतारोधक द्रव्य भरलेली लाकडी चौकटीची पटले. महायुद्धोत्तर काळात यूरोपात उभारलेल्या, जेमतेम उष्णतारोधन असलेल्या निवासी इमारतींवर ती प्रामुख्याने वापरतात.

यांचे आद्य उदाहरण कोणते, हे व्याख्येवर अवलंबून आहे. लिंत्स (ऑस्ट्रिया) येथील माकार्टश्ट्रासेवरची १९५०–६० या दशकाच्या उत्तरार्धातील इमारत २००६च्या सुमारास पूर्वनिर्मित पटलांनी ‘पॅसिव्ह हाउस’ (अत्यल्प ऊर्जेत उबदार राहणारे घर) या दर्जाला नेण्यात आली. तिच्या पटलांत काचेमागे सूर्याची उष्णता टिपणारी षट्कोनी जाळी होती. म्यूनिक तांत्रिक विद्यापीठ आणि फिनलंड व नॉर्वेतील संस्थांच्या ‘टीईएस एनर्जीफसाड’ (टीईएस म्हणजे लाकडी घटकांची प्रणाली) प्रकल्पात (सु. २००८-०९) मोजणी, निर्मिती व उभारणी यांची सलग अंकीय पद्धत बसवली गेली, प्रणाली या अर्थाने आरंभ येथून धरणे अधिक सयुक्तिक वाटते. आउग्सबुर्ग (जर्मनी) व रीहिमॅकी (फिनलंड) येथे ती निवासी इमारतींवर वापरली गेली.

भिंत टोटल स्टेशन (कोन व अंतर मोजणारे सर्वेक्षण-उपकरण), छायाचित्रमापन वा लेसर स्कॅनिंगने मोजतात. जुनी भिंत क्वचितच ओळंब्यात असते. सर्वांत पुढे आलेला बिंदू धरून पटलांची पातळी ठरवतात. मागे उरणारी पोकळी खनिज लोकर किंवा दाबाने भरलेल्या सेल्युलोजने बुजवतात. ती रिकामी राहिल्यास तीत हवा खेळते, रोधन निष्प्रभ होते आणि आगीला वरच्या मजल्यावर चढायला वाट मिळते. म्हणून दर मजल्याला अज्वलनशील आडपट्टी देतात. पटलांचे वजन बहुधा तळाच्या पायावर किंवा पोलादी कोनपट्टीवर घेतात, तर वाऱ्याचा भार स्लॅबच्या कडेत रोवलेले अँकर (धातूचे बंधक) पेलतात. काँक्रीटच्या सँडविच भिंतीत (दोन काँक्रीट थरांमध्ये रोधक द्रव्य असलेल्या) बाहेरचा थर धातूच्या दुव्यांवरच टेकलेला असतो. दुवे गंजले असतील तर तो थर उतरवावा लागतो.

लाकूड सु. १५% आर्द्रतेचे घेतात; ती दीर्घकाळ २०% च्या वर राहिली, तर कुजवणाऱ्या बुरशीचा धोका संभवतो. लाकडाचा तळ जमिनीपासून साधारण ३० सेंमी. वर ठेवतात. पाणी बहुधा खिडकीच्या खालच्या कोपऱ्यांतून शिरते. त्यामुळे तेथे सिलखाली (खिडकीच्या तळपट्टीखाली) कडा वर वळवलेला दुसरा जलरोधी थर आवश्यक असतो.

खिडक्या पटलात कारखान्यातच बसतात. जुनी खिडकी नंतर आतून काढतात, त्यामुळे रहिवाशांना सहसा घर सोडावे लागत नाही. घर हवाबंद झाल्यावर आतला दमटपणा वाढतो. तो घालवण्यासाठीच्या यांत्रिक वायुवीजनाच्या नळ्या काही प्रकारांत पटलांतूनच नेतात.