पटाशीला पाणी देताना पोलादात काय घडतं?

घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये मी जुन्या कानशीची अरुंद पटाशी करत होतो. तिला पाणी द्यायचं, म्हणजे लाल तापवून एकदम बुडवून थंड करायचं, बाकी होतं. बघायला आलेल्या शेजाऱ्यांनी बजावलं, "पाणी अवसेला द्या, आणि नदीचंच द्या. बोअरच्या पाण्यानं धार टिकत नाही." सोलापुरात हे मी लहानपणापासून ऐकतोय. तिथीचा पोलादाशी काडीचा संबंध नाही. खारट पाणी मात्र तापलेल्या धातूभोवतीची वाफेची पिशवी लवकर फोडतं आणि त्याला जास्त वेगानं थंड करतं. पण त्यासाठी पाण्यात दहा टक्क्यांच्या आसपास मीठ लागतं. बोअरच्या पाण्यात तेवढं कुठलं?

खरी करामत कार्बनची आहे. साध्या सळईत कार्बन जेमतेम ०.२ टक्के असतो, म्हणून ती कितीही वेळा लाल करून बुडवली तरी कानशीसारखी कडक होत नाही. कानशीत तो एक टक्क्याच्या आसपास असतो.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. थंड लोखंडात अणू घनाच्या आठ कोपऱ्यांवर आणि एक मधोमध, असे बसतात. पोलाद ७२७ अंश सेल्सिअसच्या वर गेलं की मांडणी बदलू लागते: कोपऱ्यांवर आणि प्रत्येक पृष्ठाच्या मध्यावर अणू येतात. गंमत अशी की ही नवी मांडणी जास्त दाट आहे. अणूंनी व्यापलेली जागा ६८ टक्क्यांवरून ७४ टक्क्यांवर जाते, आणि तरीही कार्बन इथेच जास्त मावतो! एसटीच्या फळीवर दहा ठिकाणी वीतभर जागा असली तरी ट्रंक बसत नाही. एका ठिकाणी सलग जागा मिळाली तर बसते. तसंच हे. एकूण मोकळी जागा कमी, पण एकेक पोकळी मोठी.

सावकाश थंड केलं तर कार्बन त्या पोकळ्यांतून निघून लोखंडाशी संयुग करतो आणि पोलाद मऊ राहतं. कानस घासता यावी म्हणून मी ती आधी लाल करून रात्रभर राखेत पुरली होती, ती यासाठीच. एकदम थंड केलं तर त्याला निघायला वेळच मिळत नाही. लोखंड जुन्या मांडणीकडे वळतं, कार्बन आत अडकतो आणि घन एका दिशेला ताणला जातो. अशा ताणलेल्या जाळीत अणूंचे थर एकमेकांवरून घसरू शकत नाहीत, आणि न घसरणं म्हणजेच कडकपणा. जर्मन धातुशास्त्रज्ञ आडोल्फ मार्टेन्स (१८५०–१९१४) यांच्या नावावरून या रचनेला मार्टेन्साइट म्हणतात. ती बनताना पोलाद किंचित फुगतं. माझी पहिली पटाशी त्यामुळेच तडकली: कानशीचे दाते पुरते घासले नव्हते, आणि त्यांच्या खाचेतूनच चीर गेली. दुसरी मी गुळगुळीत करून तेलात बुडवली, कारण तेल जरा सावकाश थंड करतं.

पोलाद पुरेसं तापलं का, हे लोहचुंबक सांगतो. चिकटेनासा झाला की अजून थोडं तापवायचं आणि बुडवायचं. हे काम संध्याकाळी करावं. आपल्याकडच्या उन्हात लाली नीट दिसतच नाही. डोळ्यांना चष्मा हवाच.

बुडवलेली पटाशी काचेसारखी ठिसूळ असते. म्हणून ती पॉलिश पेपरनं चकचकीत करून मागच्या टोकाकडून हलकेच तापवायची. पृष्ठभागावर ऑक्साइडचा पातळ पापुद्रा धरतो. त्याच्या वरच्या आणि खालच्या बाजूंवरून परतणाऱ्या प्रकाशलहरी एकमेकींत मिसळून रंग दिसतात, पाण्यावरच्या तेलाच्या तवंगासारखे. २२० अंशांच्या आसपास फिका पिवळा, २५५ ला तपकिरी, २८० ला जांभळा, ३०० ला निळा. आतला थोडा कार्बन तोवर सुटतो आणि ताण उतरतो. रंग मुठीकडून धारेकडे सरकत येतात. लाकूडकामाच्या पटाशीला मी धारेवर वाळल्या कडब्याचा गडद पिवळा रंग आला की लगेच पाण्यात घालतो, जांभळा तिथवर पोचायच्या आत.