भरतीला निघालात? मग लसीचं कार्ड आधी शोधा

अग्निवीर भरतीच्या नोटिफिकेशनमध्ये कागदांची यादी दिलेली असते, ती बघून फाइल लावा. लहानपणीच्या लसींचं कार्ड त्यात सहसा नसतं, म्हणून कुणी शोधतही नाही. पण पुढे बराकीत शेकडो पोरं एका छताखाली झोपतात. तिथे एकाला कांजिण्या किंवा गालगुंड झाले की शेजारच्या खाटा धरायला वेळ लागत नाही.

कार्ड मिळत नाही, कारण बाळंतपण आईच्या माहेरी झालेलं. तुम्ही कळव्यात नाहीतर ऐरोलीत वाढलात, पण पहिल्या लसींची नोंद साताऱ्याच्या नाहीतर जळगावच्या उपकेंद्रात. इथल्या पालिकेच्या आरोग्य केंद्रात हेलपाटे घालून ती निघणार नाही, आणि खिडकीवरचा माणूस हे पहिल्याच दिवशी सांगेल याचीही खात्री नाही! आधी मामाला फोन करा. नोव्हेंबर 2018 मध्ये गोवर-रुबेलाची लस शाळेत टोचली होती, त्याची पावती जुन्या दप्तरात सापडते का पाहा. कोविनवरचं प्रमाणपत्र फक्त कोविडचं. ते पुढे करून काही साधत नाही.

काहीच सापडलं नाही तर झेरॉक्सवाल्याकडून जुन्या तारखेचा दाखला बनवून घेऊ नका. डॉक्टरांना विचारून लस पुन्हा घ्या. निरोगी माणसाला गोवर-रुबेलाचा जादा डोस अपाय करत नाही. कांजिण्यांची लस सरकारी वेळापत्रकात नाही, ती खाजगीत पैसे मोजूनच मिळते. आईला कांजिण्या आल्याचं पक्कं आठवत असेल, तर खर्चाआधी डॉक्टरांना तसं सांगा.

सगळ्यात जास्त घोळ कावीळ ब च्या रिपोर्टवर होतो. 'एचबीएसएजी निगेटिव्ह' म्हणजे आजार नाही, एवढंच. संरक्षण आहे की नाही ते 'अँटी-एचबीएस' चाचणी सांगते. 10 किंवा जास्त आकडा चांगला. कमी आला म्हणून घाबरू नका, बाळपणी लस घेतलेल्यांचा आकडा वयाबरोबर उतरतो.

तारखांचा हिशोब मात्र आजच करा. कावीळ ब चे तीन डोस 0, 1 आणि 6 महिन्यांना, म्हणजे अर्ज भरतानाच सुरुवात हवी. कांजिण्यांच्या दोन डोसांत किमान चार आठवडे. गोवर आणि कांजिण्यांची लस एकाच दिवशी घ्या, नाहीतर मध्ये 28 दिवस सोडा. आणि मेडिकलच्या तोंडावर गोवराची लस नकोच: आठवड्या-दीड आठवड्याने कुणाकुणाला ताप, पुरळ येते, आणि अंगावर पुरळ घेऊन डॉक्टरांसमोर उभं राहायची वेळ येते.